रेल्वे दारात आली तरी सुरतचे सूत ट्रकनेच येईल

मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २ सप्टेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली. ३०९ किलोमीटरचा मार्ग, १८,०३६ कोटी रुपयांचा खर्च आणि वाटेत मालेगाव, धुळे. आपल्या शहराने या रेल्वेसाठी किती पिढ्या वाट पाहिली ते सांगायला नको. मंजुरीनंतर मिठाई वाटली गेली, ती योग्यच होती. पण त्याच दिवसापासून बाजारात एक वाक्य फिरते आहे, "रेल्वे आली की सुरतचे सूत निम्म्या भाड्यात येईल." सुताच्या पेढीवर, चहाच्या हॉटेलात, कारखानदारांच्या बैठकीत हे वाक्य इतक्या खात्रीने बोलले जाते, की जणू रेल्वेने तसे लिहूनच दिले आहे.

माझे म्हणणे उलट आहे. रेल्वे आली पाहिजे, लवकर आली पाहिजे. पण सुरतेचे सूत आणि भिवंडीचे कापड ती स्वस्तात नेईल ही आशा चुकीच्या हिशेबावर उभी आहे. हिशेब चुकला तर मागणीही चुकीची होते, आणि जे खरोखर पदरात पडू शकते ते मागायचे राहून जाते.

आधी एक गोष्ट कबूल करू. रुळावर लोखंडी चाक रस्त्यावरच्या रबरी टायरपेक्षा फार कमी जोराने फिरते. एक टन माल एक किलोमीटर न्यायला रेल्वेला ट्रकपेक्षा पुष्कळ कमी इंधन लागते. ही गोष्ट कोणी नाकारत नाही. मग १९५० च्या सुमारास देशातील ऐंशी टक्क्यांहून अधिक माल वाहणारी रेल्वे आज पंचवीस ते तीस टक्क्यांवर का आली? त्यातही निम्मा माल कोळसा का? व्यापारी वेडे नाहीत. ज्याच्या खिशातून भाडे जाते तो पैसे मोजूनच गाडी निवडतो.

याचे उत्तर प्रवासात नाही, प्रवासाच्या दोन टोकांना आहे.

ट्रक सुरतेच्या गिरणीच्या दारात उभा राहतो. गोण्या एकदा चढतात, मालेगावच्या गोडाऊनसमोर एकदा उतरतात. झाले. रेल्वेने तेच सूत आणायचे तर गिरणीतून टेम्पोत चढवा, मालधक्क्यावर उतरवा, वाघिणीत चढवा. मनमाडला वाघिणीतून उतरवा, पुन्हा ट्रकमध्ये चढवा, पस्तीस-चाळीस किलोमीटर आणा आणि गोडाऊनला उतरवा. दोनदाच्या जागी सहादा हमाली. प्रत्येक वेळी हुकाने गोणी फाटते, कोन दबतो, पावसाळ्यात एखाद-दुसरी गोणी भिजते. दबलेला कोन मागावर कसा चालतो ते कांडीवाल्याला विचारा.

आता आकडे मांडून बघू. हे आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. बाजारभाव रोज बदलतो, ज्याने त्याने आपल्या बिल्टीवरचे आकडे घालून पाहावे. समजा, ट्रकचे भाडे टनाला किलोमीटरमागे साडेतीन रुपये आणि रेल्वेचे बरोबर निम्मे, म्हणजे पावणेदोन रुपये. प्रत्येक चढ-उताराची हमाली टनाला शंभर रुपये. मालधक्क्यापर्यंत नेणे आणि तिथून आणणे, प्रत्येक टोकाला दोनशे रुपये.

सुरत ते मालेगाव रस्त्याने अडीचशे किलोमीटरच्या आसपास. ट्रकचे ८७५ रुपये आणि दोनदा हमालीचे २००. एकूण १,०७५ रुपये टन.

रेल्वेची सध्याची वाट उधना, नंदुरबार, जळगाव आणि तिथून वळून मनमाड. उधना-जळगाव तीनशे किलोमीटरच्या वर, जळगाव-मनमाड १६० च्या आसपास. मिळून ४६७ धरू. रस्त्याच्या जवळपास दुप्पट! भाडे ८१७ रुपये, सहादा हमालीचे ६००, दोन टोकांचे ४००. एकूण १,८१७ रुपये टन. किलोमीटरचा दर निम्मा असूनही रेल्वे टनामागे साडेसातशे रुपयांनी महाग पडली.

कोणी म्हणेल, नवा मार्ग झाल्यावर हा फेरा वाचेल. खरे आहे. मालेगावहून धुळे, नरडाणा आणि तिथून तापी खोऱ्याच्या मार्गाने उधना असे गेले तर अंतर तीनशेच्या थोडे वर उतरेल. ३१० धरा. भाडे ५४२. मालेगावचे स्टेशन जवळ म्हणून आपल्या टोकाचे दोनशेऐवजी शंभर धरा. तरी एकूण १,४४० च्या पुढेच. ट्रक अजूनही साडेतीनशे रुपयांनी स्वस्त, आणि रात्री भरलेला ट्रक सकाळी दारात.

मग रेल्वे कुठे जिंकते? दोन्ही वाटा सारख्या लांबीच्या धरल्या तर रेल्वेला जास्तीची हमाली आणि टेम्पो मिळून ८०० रुपये भरून काढायचे आहेत आणि प्रत्येक किलोमीटरला ती पावणेदोन रुपये वाचवते. भागाकार केला की साडेचारशे किलोमीटर येतात. त्याच्या आत ट्रक, त्याच्या पुढे रेल्वे. आकडे बदला, ही रेघ चारशेवर येईल किंवा सहाशेवर जाईल. पण रेघ असतेच, आणि सुरत व भिवंडी दोन्ही तिच्या फार अलीकडे आहेत.

भाड्यात कमी अंतराचा आणखी एक दंड असतो. रेल्वे मालभाड्यासाठी किमान शंभर किलोमीटर अंतर धरते. माल चाळीसच किलोमीटर गेला तरी हिशेब शंभरचा. यावर उपाय म्हणून नव्वद किलोमीटरच्या आतल्या काही मालाला रेल्वेने मध्यंतरी सूटही देऊ केली. पण सूट भाड्यावर असते. हमालीवर कोण सूट देणार?

हे झाले पैशाचे. वेळेचा हिशेब याहून वाईट आहे. आपल्या देशात मालगाडीचा सरासरी वेग वर्षानुवर्षे ताशी पंचवीस किलोमीटरच्या आसपास राहिला. गाडी धावते तेव्हा वेगाने धावते, पण तिचा बराच वेळ प्रवासी गाड्यांना वाट देत बाजूच्या रुळावर जातो. मनमाडहून मुंबईकडे जायचे तर कसारा घाट. तिथे सदतीस फुटाला एक फूट चढउतार आहे, बँकर इंजिने जोडल्याशिवाय मालगाडी घाट पार करत नाही. खाली उतरले की कल्याणपासून लोकल गाड्यांची गर्दी. त्या लोकलमध्ये लाखो माणसे कामाला जातात, त्यांना थांबवून आपले तागे पुढे न्या असे कोण म्हणेल? दुसऱ्या बाजूला रस्ता बघा. जकात नाके गेले, २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर राज्यांच्या सीमेवरच्या रांगा गेल्या. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी शेवटच्या टप्प्यासह पूर्ण खुला झाला आणि त्याचे मुंबईकडचे टोक आमणे येथे, म्हणजे भिवंडी तालुक्यातच उतरते. गेल्या दहा वर्षांत ट्रकचे तास कमी झाले. रेल्वेचा मालधक्का मात्र बहुतेक ठिकाणी होता तसाच आहे.

आपल्या धंद्यात वेळ म्हणजे अडकलेले भांडवल. सूत चार दिवस वाटेत राहिले तर चार दिवसांचे सूत जास्त विकत घेऊन ठेवावे लागते. मोठ्या पेढीला ते जमते. आठ-बारा मागांचा कारखानदार, जो आठवड्याची वसुली झाल्यावर आठवड्याचे सूत उचलतो, त्याला ते जमत नाही. आणि सुताचा भाव असा, की सोमवारी घेतले आणि शुक्रवारी पोहोचले तर मधल्या काळात किलोला दोन रुपये उतरलेले असतात.

आता सर्वांत मोठी अडचण. रेल्वे आपला माल घेतेच कुठे? जुन्या माणसांना आठवत असेल, एके काळी दोन गाठीही बुक व्हायच्या. मालधक्क्यावर बाबू पावती फाडायचा, गाठी कुठल्या तरी वाघिणीत पडायच्या, तीन यार्डांत जोडजोड आणि तोडतोड व्हायची आणि माल महिन्याने का होईना पोहोचायचा. १९८० च्या दशकात रेल्वेने हे हळूहळू बंद केले. फुटकळ माल नको, सुटी वाघीण नको, पूर्ण रेक आणा. चाळीस-बेचाळीस बंद वाघिणींचा एक रेक म्हणजे दोन हजार चारशे टनांच्या आसपास. मिनी रेक घेतला तरी वीस वाघिणी, म्हणजे हजार टनांच्या वर.

यात रेल्वेला शिव्या देणे सोपे आहे, पण तिची बाजू खरी होती. यार्डातल्या जोड-तोडीत वाघिणी सडत पडायच्या. एक वाघीण भरल्यापासून पुन्हा भरायला १९८० च्या सुमारास पंधरा दिवस लागत. पूर्ण रेक धावू लागल्यावर हा काळ पाच-सहा दिवसांवर आला. त्याच वाघिणींनी दुप्पट-तिप्पट माल वाहिला. देशाला वीज मिळाली ती या कोळशाच्या रेकमुळे. फक्त या सौद्यात आपल्यासारख्या गिऱ्हाइकाला दुकानाबाहेर काढले गेले. मनमाडला अन्न महामंडळाचे मोठे कोठार आहे, तिथे धान्याचा पूर्ण रेक येतो, रिकामा होतो, परत जातो. ते गिऱ्हाईक रेल्वेच्या मापाचे आहे. मालेगावचा कोणता सूत व्यापारी एका दिवशी, एका गावाहून, एका नावावर हजार टन सूत मागवतो?

पार्सलचा रस्ता उरतो. प्रवासी गाडीच्या पार्सल डब्यात २३ टन, गार्डच्या डब्यातल्या कप्प्यात चार टन. पण मनमाडला गाडी थांबते मोजकी मिनिटे. तेवढ्यात किती गाठी चढणार? एकदा मी बिहारला पाठवलेल्या गाठी मधल्या एका मोठ्या स्टेशनवर फलाटाच्या टोकाला तीन दिवस पावसात होत्या. कोणते स्टेशन ते लिहीत नाही. गाठी पोहोचल्या तेव्हा पांढऱ्या कापडावर पिवळे डाग होते आणि पार्टीने बिलातून पंचवीस टक्के कापले. भरपाईचा अर्ज केला तर कागद मागितले, कागद दिले तर आणखी कागद मागितले. ट्रकवाल्याने माल भिजवला असता तर त्याचे पुढच्या खेपेचे भाडे मी रोखून धरले असते. रेल्वेचे काय रोखणार?

आपल्या शहरातल्या प्लास्टिक पाइपच्या धंद्याची अडचण आणखी वेगळी आहे. पाइप म्हणजे अर्धा माल हवाच. वाघीण तोंडापर्यंत भरली तरी वजन थोडे. पण रेल्वे बहुतेक मालाला वाघिणीच्या क्षमतेप्रमाणे भाडे लावते, भरलेल्या वजनाप्रमाणे नाही. हवेचे भाडे कोण देईल?

इतके वाचून कोणी म्हणेल, मग रेल्वे नकोच का? नाही, हा अर्थ नाही. दोन गोष्टी बघा.

पहिली आपल्याच राज्यातली आहे. कोकण रेल्वेने १९९९ मध्ये कोलाडहून गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत भरलेले ट्रकच सपाट वाघिणीवर चढवून न्यायला सुरुवात केली, पुढे सुरतकलपर्यंत. ड्रायव्हर ट्रकमध्येच बसतो, पलीकडे उतरून चालू लागतो. कोलाड-वेर्णा अंतर सव्वाचारशे किलोमीटरच्या आत-बाहेर, म्हणजे आपल्या रेघेच्या अलीकडेच. तरी ते चालले. का? कारण गोणी एकदाही उतरली नाही. हमाली सहाची दोन झाली, आणि बाजूचा घाटरस्ता इतका वाईट होता की ट्रकवाल्यालाच टायर आणि डिझेल वाचवायचे होते. कमी अंतरावर रेल्वे जिंकते ती अशी. भाडे उतरवून नाही, हात लावण्याची वेळ कमी करून. दोन्ही टोकांना कारखान्यातच रूळ असले तरीही ती जिंकते. आपल्याकडे दोन्ही नाहीत.

दुसरी गोष्ट भिवंडीची. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये रस्ते बंद झाले तेव्हा मध्य रेल्वेने भिवंडी रोड स्टेशनातून पार्सल गाड्या सोडायला सुरुवात केली. आसाममधल्या अझारापर्यंत, बंगालपर्यंत. वर्षानुवर्षे ज्या स्टेशनाकडे कोणी मालासाठी बघत नव्हते तिथे गोडाऊनवाल्यांचा माल चढू लागला. पाठोपाठ २०२१ मध्ये सुरतेहून बिहार-बंगालकडे खास कापडाच्या मालगाड्या निघाल्या. दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट घडली. अंतर हजार किलोमीटरच्या पुढचे होते, गाडी ठरलेली होती आणि अनेक पेढ्यांचा माल एकत्र झाला होता.

तर मग आपण आपल्या मालाकडे पुन्हा बघू. सूत सुरतेहून येते, कोरे कापड भिवंडीला, पाली-बालोत्र्याला प्रोसेसला जाते. पाली-बालोत्रा रेघेच्या पलीकडे आहेत. मालेगावची साडी आणि लुंगी बंगाल, बिहार, उत्तर प्रदेशात जाते, तेही पलीकडेच. कोलकाता सतराशे किलोमीटर धरा. वरच्याच दरांनी ट्रक ६,१५० रुपये टन, रेल्वे ३,९७५ रुपये. टनामागे २,१७५ रुपयांचा फरक, म्हणजे किलोला दोन रुपये सतरा पैसे. मीटरला शंभर ग्रॅम भरणारे कापड असेल तर मीटरमागे साधारण बावीस पैसे.

बावीस पैशांना कोणी हसू नये. आपल्या शहरात मजुरीची बोलणी पाच आणि दहा पैशांवर फिसकटतात. त्यावरून माग बंद राहतात. भाडे वाढले की व्यापारी कापडाचा भाव पाडून मागतो, कारखानदार तो तोटा मजुरीत बघतो, आणि शेवटी बारा तास उभा राहणारा विणकर ट्रकचे डिझेल भरतो. मीटरमागे वीस पैसे वाचवायची जागा दुसरीकडे असेल तर ती सोडून विणकराच्या खिशाकडे बघणे मला पटत नाही.

एक शंका खरी आहे, ती टाळणार नाही. आपल्यात ट्रकवाले आहेत, ड्रायव्हर आहेत, हमाल आहेत, बॉडी बांधणारे आणि पंक्चर काढणारे आहेत. एकेका ट्रकवर एकेक कुटुंब चालते, त्याच्या डोक्यावर हप्ते आहेत. लांबचा माल रेल्वेने गेला तर त्यांचे काय? थोडे नुकसान होईल, नाही म्हणणे खोटे ठरेल. पण लांबच्या खेपेत एका ट्रकवाल्याला काय उरते ते त्यालाच विचारा. पंधरा दिवस घराबाहेर, टोल, टायर, वाटेतला खर्च, आणि परतीचे भाडे मिळेपर्यंत परमुलखात ताटकळणे. कोलकात्याहून रिकामा येणारा ट्रक कोणाचे भले करत नाही. मालधक्का मालेगावात झाला तर गोडाऊन ते स्टेशन ही खेप रोजची होते. गाडी लहान लागेल, पण माणूस रात्री घरी येईल. आणि सुरत-भिवंडीचा धंदा तर ट्रकचाच राहणार आहे, वरचा हिशेब तेच सांगतो.

म्हणून मागणी बदलली पाहिजे. सध्या निवेदने निघतात ती प्रवासी गाड्यांच्या थांब्यांसाठी. ती निघोत. पण मालासाठी मागायचे ते हे, की मालेगाव स्टेशनात छताचा मालधक्का असावा, ट्रक थेट वाघिणीला लागेल एवढ्या उंचीचा फलाट असावा, कंटेनर उतरवायला फरशी केलेली जागा असावी आणि आठवड्यातून ठरलेल्या दिवशी पूर्वेकडे जाणारी पार्सल किंवा कंटेनर गाडी असावी. धक्का शहराच्या कोणत्या बाजूला होणार हा प्रश्न आत्ताच विचारला पाहिजे. सायने औद्योगिक वसाहतीकडून आणि शहरातल्या गोडाऊनकडून तिथे ट्रक कुठल्या रस्त्याने पोहोचणार हेही. नकाशा पक्का झाल्यावर अर्ज करून उपयोग नसतो. मंजुरीच्या वेळी या मार्गावरून वर्षाला २.६ कोटी टन माल जाईल असा सरकारचा अंदाज होता. त्यात आपले तागे मोजले आहेत की इंदूरहून बंदराकडे जाणारा मालच फक्त मोजला आहे? स्टेशनात मालाची सोय झाली नाही तर हा सगळा माल मालेगावातून शिटी वाजवत पुढे जाईल.

सरकारच्या आधी आपल्या घरातले एक काम आहे, आणि ते मला जास्त अवघड वाटते. गाडी मागायची तर दर महिन्याला किती टन, कोणत्या शहराला, याचा आकडा रेल्वेपुढे ठेवावा लागेल. आपल्या बाजारात हा आकडा कोणाकडेच नाही. कारण कोणती पेढी किती माल कुठे पाठवते ते शेजारच्या पेढीला कळू नये म्हणून आपण बिल्टीही दुमडून खिशात ठेवतो. कोलकात्याची पार्टी दुसऱ्याने पळवली तर, ही धास्ती. धास्ती खोटी नाही, असे होते. पण सुरतेच्या व्यापाऱ्यांनाही हीच धास्ती असणार, तरी त्यांच्या गाठी एका गाडीत चढल्या.

यातून वाट निघू शकते. पार्टीचे नाव सांगायची गरजच नाही. प्रत्येक पेढीने गेल्या बारा महिन्यांच्या बिल्ट्या काढून फक्त शहर आणि टन एवढेच एका कागदावर लिहावे, बंद पाकिटात व्यापारी संघटनेकडे द्यावे. संघटनेने बेरीज करावी आणि पाकिटे परत द्यावीत. कोलकाता इतके, पाटणा इतके, कानपूर इतके, पाली इतके. महिन्याला मिनी रेकचे हजार टन कोणत्या दिशेला भरतात आणि कोणत्या दिशेला फक्त पार्सल डबा पुरतो, हे त्या बेरजेत एका पानावर दिसेल. ते पान घेऊन भुसावळला विभागीय कार्यालयात जाता येईल. तिथे मालवाहतूक वाढवण्यासाठी अधिकारी नेमलेले आहेत आणि ते पहिला प्रश्न हाच विचारतील, "माल किती?" बिल्ट्या तर प्रत्येकाच्या कपाटात पडूनच आहेत.